‘इयत्ता आठवी’ नावाचा ग्रुप

दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं, की माझ्या पुतणीला वर्गातली पोरं ‘सात’ म्हणून हाक मारतात. आधी मला वाटलं, एखाद्या क्रिकेटपटूच्या टी-शर्टचा नंबर असेल. ती काही बोलेना. वहिनीनं फोन काढून दाखवला. ‘इयत्ता आठवी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आणि त्यात रात्री पावणेदहाला सरांनी टाकलेला एक फोटो. गणिताच्या चाचणीची गुणयादी, वहीच्या पानावर हातानं आखलेली, ४१ नावं आणि २० पैकी मिळालेले गुण. दहाच्या खालच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल गोल. खाली ओळ होती, ‘संबंधित पालकांनी गांभीर्याने लक्ष द्यावे.’ आमच्या पोरीला सात.

आमचं गाव फर्दापूर. अजिंठ्याला गेला असाल तर तुम्ही आमच्या गावावरून गेला आहात, कदाचित न बघता. टी-पॉइंटला गाडी लावायची आणि लेणीपर्यंतचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं, तेच हे. गाव एवढंसं. दुसऱ्या दिवशी पोरगी दळण घेऊन गेली, तर गिरणीवाल्या काकांनी पीठ मापता मापता विचारलं, ‘काय गं, गणितात सातच?’ त्यांचा पोरगा त्याच वर्गात आहे. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि त्यामुळेच यावर लिहिणं अवघड आहे. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही, कारण असा ग्रुप तुमच्या तालुक्यातही आहे.

दादा म्हणाला, यात नवीन काय? आपल्या वेळी गुरुजी वर्गात उभं करून मार्क वाचायचे, नापासाला अंगठे धरायला लावायचे. खरं आहे. मलाही एकदा हिंदीत अकरा पडले होते आणि ते सगळ्या वर्गानं ऐकले होते. मग फरक काय पडला?

या प्रश्नाचं एक उत्तर मला फार लांबच्या एका खटल्यात सापडलं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ओवासो नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत मुलं एकमेकांचे पेपर तपासायची आणि मग गुण मोठ्यानं सांगायची. एका आईनं कोर्टात धाव घेतली. विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद पालकांच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही, असा ‘फर्पा’ नावाचा कायदा तिथे १९७४ पासून आहे. त्याचा हा भंग आहे, असं तिचं म्हणणं. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. एका पोरानं दुसऱ्याचा पेपर तपासला, त्या क्षणी ती शाळेनं जतन केलेली नोंद झालेली नसते, असा तर्क. ती आई हरली याचं मला वाईट वाटतं. आपल्या लेकराचे गुण भर वर्गात ऐकवले जाताना जे होतं त्याला कायद्यात जागा सापडली नाही. पण त्या निकालातली रेघ कामाची आहे. तोंडी सांगितलेला आकडा एक गोष्ट, जपून ठेवलेला आकडा दुसरी. गुरुजींचा आवाज वर्गाच्या भिंतीपर्यंत जायचा आणि पोरं मधल्या सुट्टीत विसरायची. सरांचा फोटो मात्र ४१ घरांतल्या फोनांत उतरला. त्यातल्या निम्म्यांच्या गॅलरीत तो आपोआप साठला असेल, लग्नाच्या आणि शेतातल्या फवारणीच्या फोटोंमध्ये. आजोबा गॅलरी चाळत बसतात, त्यांनाही तो दिसतो.

त्या सुट्टीत मी वहिनीच्या फोनवर तो ग्रुप मागे सरकवत जून महिन्यापर्यंत वाचून काढला. एखाद्या लेखकाचं सगळं लिखाण सलग वाचावं तसा. सलग वाचल्यावर शैली दिसायला लागते. वर्गात हे सर गमती करतात, पोरांना ‘अरे वाघा’ म्हणतात, असं पुतणी सांगते. ग्रुपवर मात्र तेच सर परिपत्रक होतात. ‘नोंद घ्यावी’, ‘सादर करावे’, ‘अन्यथा शाळा जबाबदार राहणार नाही’. कर्ता कुठेच नाही. पालकांची उत्तरं त्याहून ठरलेली. जोडलेले हात, ‘हो सर’, ‘ओके सर’, पुन्हा जोडलेले हात. पाच महिन्यांत एकाही पालकानं एकही प्रश्न विचारलेला नव्हता. इतका एकतर्फी संवाद मी ऑफिसातही पाहिलेला नाही, आणि आमच्या ऑफिसात मॅनेजर आहेत.

मजकुरापेक्षा बोलके फोटो. त्यात एक प्रकार वारंवार येतो आणि तो तुम्हीही हजार वेळा पाहिला आहे: वह्यावाटपाचा फोटो. मागे फलक. फलकाखाली सात-आठ मोठी माणसं, दोघांच्या गळ्यात उपरणी. पुढच्या रांगेत चार-पाच मुलं, प्रत्येकाच्या छातीशी वह्यांचा गठ्ठा, असा धरलेला की कव्हर कॅमेऱ्याकडे येईल. मोठी माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. मुलं मोठ्या माणसांकडे बघतात, सोडायचं कधी ते कळावं म्हणून. मग ओळी वाचा. ‘यांच्या शुभहस्ते’ नंतर एक नाव पदासकट, ‘प्रमुख उपस्थिती’ नंतर सहा नावं पदांसकट, शेवटी ‘गरजू विद्यार्थ्यांना शालेय साहित्याचे वाटप’. दात्याचं नाव आहे, सरपंचाचं आहे, फोटो काढणाऱ्याचंही आहे. नाव नाही फक्त मुलांचं. त्यांचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावर चिकटवलेलं एक विशेषण आहे.

वरवर वाटेल, नाव नाही म्हणजे खासगीपणा राखलाच की. पण फर्दापुरात त्या चेहऱ्याला नाव लागत नाही. कोणाचा पोरगा ‘गरजू’ आहे हे त्या संध्याकाळी सगळ्या गावाला अधिकृतपणे कळलं. आधी माहीत नव्हतं असं नाही, गावात काय लपतं? पण माहीत असणं वेगळं आणि शाळेनं फलकाखाली उभं करून सांगणं वेगळं. गुणयादीतल्या लाल गोलाचं आणि या विशेषणाचं नातं मला तिथे दिसलं. दोन्हीत मुलाची एखादी कमतरता दाखवून मोठ्यांचं काम झाल्याचं सिद्ध केलं जातं. सरांनी लक्ष दिलं. मान्यवरांनी दान दिलं. मुलगा त्यांची पावती.

मी लहान होते तेव्हा टी-पॉइंटवर स्फटिक आणि रंगीत दगड विकणारी पोरं असायची. परदेशी पर्यटक त्यांच्यावर कॅमेरा रोखायचे. त्यातली धिटुकली पोरं हात आडवा धरायची: आधी दगड घ्या, मग फोटो. काही सरळ नाही म्हणून पाठ फिरवायची. आज वाटतं, माझ्या पाहण्यातला संमतीचा तो सगळ्यात स्वच्छ व्यवहार होता. तीच पोरं शाळेत गेली की त्यांना हा हक्क नसायचा. शाळेत फोटोला नाही म्हणणारं मूल मी पाहिलेलं नाही. ‘सरळ उभी राहा, हास’ एवढंच ऐकलंय. तिकडे लेण्यांत रंग खराब होऊ नयेत म्हणून फ्लॅशला मनाई आहे आणि दीड हजार वर्षांपूर्वी काढलेल्या चेहऱ्यांसाठी पहारेकरी तुमच्या मोबाइलवर डोळा ठेवून असतो.

पण सरांवर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. फोटो मुळात मागितला जातो, आणि मागणारा वर बसलेला असतो.

महाराष्ट्रात या मागणीचा इतिहास आता चांगला लांब झाला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये शालेय शिक्षण विभागानं आदेश काढला होता, की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीत टाकावी. उद्देश गळती रोखण्याचा. शिक्षकांनी विरोध केला, नेटवर्क नाही, वेळ नाही, बऱ्याच शिक्षिकांना सेल्फीच नको होती, आणि तो आदेश बारगळला. सवय मात्र बारगळली नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत रोजचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवरून पोरांपर्यंत जाऊ लागला. तेव्हा ते गरजेचं होतं, त्याला नाव ठेवणार नाही. पण शाळा उघडल्या तरी ग्रुप मिटले नाहीत. २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा, त्याची सेल्फी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, आणि मुलांनी व पालकांनी त्या पत्रासोबत सेल्फी काढून संकेतस्थळावर टाकायची होती. त्याच वर्षी आईच्या नावानं झाड, आणि झाडाशेजारी मुलाचा फोटो. प्रत्येक उपक्रम चांगलाच. प्रत्येकाच्या शेवटी तेच: अपलोड.

या सगळ्यात मुलाचा चेहरा हे शिकवल्याचं, लावल्याचं, वाटल्याचं प्रमाणपत्र होतं. सरांच्या फोनमधून तो केंद्राच्या ग्रुपवर जातो, तिथून तालुक्याच्या, तिथून पुढे. मध्येच सर तो स्टेटसला लावतात, कारण फोटो निघालेलाच असतो आणि तो छान आलेला असतो. मूल एकदा उभं राहतं आणि पाच ठिकाणी पोचतं.

व्हॉट्सअ‍ॅप हेच कार्यालय झालं आहे, हे शिक्षकांनीच एकदा दाखवून दिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शिक्षकांनी संचमान्यता आणि कंत्राटी नेमणुकांच्या निर्णयांविरुद्ध आंदोलन केलं. सामूहिक रजेआधीच्या टप्प्यांत एक होता प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडण्याचा. ग्रुप सोडणं हे कामबंद आंदोलनाचं हत्यार होऊ शकतं, एवढी त्या हिरव्या चौकोनाची सत्ता आहे. आणि तरी तो फोन सरांच्या पगारातून घेतलेला, रिचार्ज सरांचं, गॅलरीत सरांच्या घरची बारशी.

२८ जुलै २०२५ ला राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर नियमावली काढली. सरकारच्या धोरणांवर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका. समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम चालेल. वाचताना मला सारखं वाटत होतं, आता मुलं येतील, आता येतील. नियमावलीचा रोख सरकारच्या प्रतिमेकडे आहे. कर्मचाऱ्यापासून सरकारला कसं जपायचं, हा तिचा विषय. कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये अडकलेल्या आठवीतल्या पोरीला कसं जपायचं, हा नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. मी डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिते. ग्रुपवर ऑगस्टमध्ये आलेली एक पीडीएफ पाहून मला घाम फुटला. शिष्यवृत्तीची यादी होती: मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खातं. खाली, ‘चूक असल्यास उद्यापर्यंत कळवावे’. आमच्याकडे अशी फाइल चुकून एखाद्या चॅनलवर पडली तर रात्री दोनला माणसं उठवतात. इथे जोडलेले हात आले, अठरा वेळा.

आईच्या नावाचं बघा. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. म्हणजे बोर्डानं आईचं नाव हे छोटंसं कुलूप मानलंय. आणि वर्गाच्या ग्रुपवर ४१ कुलपांच्या किल्ल्या ओळीनं टांगलेल्या. बैठक क्रमांक तर एका केंद्रावर सहसा ओळीनंच असतात. शेजारणीला तुमचा निकाल तुमच्याआधी कसा कळतो, हे कोडं कधी पडलं असेल तर उत्तर हे.

लोक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप सुरक्षित आहे, सगळं एन्क्रिप्टेड असतं. असतं. त्याचा अर्थ एवढाच, की सरांच्या फोनपासून तुमच्या फोनपर्यंतच्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. पोचल्यावर ४१ जण काय करतात, त्याच्याशी एन्क्रिप्शनचा संबंध नाही. बंद पाकीट यात्रेत वाटल्यासारखं आहे ते. शिवाय ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. वहिनीला जुलैपासून एका अनोळखी नंबरवरून ‘शुभ सकाळ’ येतंय, गुलाबासकट. तिनं दादाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ग्रुप दादाच्या फोनवर जाईल आणि पोरीच्या शाळेत काय चाललंय हे तिला कळायचं बंद होईल.

मोठी सरकारी प्रणालीही चुकते, फक्त गावातले ग्रुप नाहीत. केंद्राच्या ‘दीक्षा’ अ‍ॅपचा साठा एका सर्व्हरवर उघडा पडला होता, हे जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं, नंबर आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. त्याची निदान बातमी झाली. आमच्या पीडीएफची होणार नाही.

तंत्रज्ञानच नको असं माझं म्हणणं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामात पुस्तकातल्या क्यूआर कोडचा मोठा वाटा होता. तो कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, धडा मुलाकडे येतो. माहिती मुलाच्या दिशेनं वाहते. आमच्या ग्रुपवर ती मुलाकडून बाहेर वाहते. शाळेतली कुठलीही नवी यंत्रणा पाहताना मी आता आधी हा बाण कुठल्या दिशेला आहे ते बघते. व्हायरल व्हिडिओंचंही तेच. शिक्षकांनी काढलेली, पोरांच्या बोबड्या उत्तरांची, भाषणांची क्लिप आपण सगळे हसत पुढे पाठवतो. तुम्हाला आत्ता एखाद्या मुलाचं नाव आठवलं असेल. मलाही आठवलं. लिहीत नाही. तो मुलगा अठरा वर्षांचा होईल तेव्हा त्याला ते आवडेल का, हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्या. संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा खास विचार केलाय: मुलं अक्षरं गिरवतानाच इंटरनेटवर खुणा सोडत जातात, पोरवयातल्या चुकांचं ओझं त्यांनी जन्मभर वाहू नये. वीसपैकी सात ही तर चूकही नाही, ती चाचणी आहे. त्याहून जुना आणि जवळचा आधार शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. त्यानं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. छडीचा फोटो आला तर आज गाव पेटेल. लाल गोलाचा फोटो आला तर हात जोडले जातात.

नवा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल, आणि मुलांबाबतच्या अटी मोडल्या तर २०० कोटींपर्यंत दंड. आकडा ऐकायला भारी आहे. पण हाच कायदा वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू नाही. मग सरांचा स्टेटस काय आहे? फोन घरगुती, फोटो शाळेतला, बघणारे सरांचे मेव्हणे आणि केंद्रप्रमुख दोघंही. वकिलांना यावर बरंच काम मिळेल. आणि संमतीचं म्हणाल तर ‘अपार’ क्रमांकाच्या वेळी आपण ती पाहिली: संमतीपत्र ऐच्छिक, आणि ती गोळा करायचं उद्दिष्ट शाळांना दिलेलं. दादानंही सही केली. ‘सरांनी मागितली,’ म्हणाला.

मी शेवटी सरांना फोन केला. दादाचा विरोध होता. ‘तू जाशील पुण्याला, पोरगी इथंच शिकायचीय.’ म्हणून आवाज जमेल तेवढा मऊ ठेवला. सर भले निघाले. ‘मॅडम, मी वाईट वाटावं म्हणून टाकलं नाही हो. पालक मीटिंगला येत नाहीत, कापूस वेचायला जातात. ग्रुपवर टाकलं की निदान बघतात.’ मग म्हणाले, ‘आणि मी किती ग्रुपमध्ये आहे माहितीये का? अकरा. रोज संध्याकाळी पोषण आहाराचा फोटो, उपक्रमाचा फोटो. माझी पोरगी म्हणते, बाबा तुमच्या फोनमध्ये आमचे फोटोच नाहीत.’ यावर मला काही सुचलं नाही.

तो फोटो काढून टाकतो म्हणाले. निघाला नाही. पाठवणाऱ्याला ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायला साधारण अडीच दिवस मिळतात, फोटो तीन आठवड्यांचा झाला होता. ‘पुढच्या वेळी नावं टाकत नाही,’ असा शब्द मात्र त्यांनी दिला आणि पाळला. डिसेंबरच्या चाचणीची यादी आली ती नुसत्या हजेरी क्रमांकांची. वहिनीनं मला लगेच पाठवली. लाल गोल होतेच.

रात्री पुतणीचा फोन आला. ‘आत्या, सतरा नंबर म्हणजे मी, हे सगळ्यांना माहितीये गं. सर रोज सकाळी हजेरी घेतात ना.’ किती पडले विचारलं. अकरा. म्हटलं, वा, गोल गेला की. म्हणाली, गोल गेला, पण पोरं अजून सातच म्हणतात.